विकाऊ घराच्या भिंती

श्रोतेहो, पुसेगावच्या यात्रेतला बैलबाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खिलारी बैलांच्या दावणी लागलेल्या असतात. शिंगे तासून रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. घेणारा शेतकरी ते सारे पाहतो, मनातून खूषही होतो. मग पुढे होतो, जबडा उघडून दात मोजतो आणि बैलाला चार पावले चालवून बघतो. शिंगे रंगवली म्हणून विकणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. बाजारात आणायची वस्तू नीटनेटकी आणावी, हा रिवाजच आहे. पण लंगडा पाय झुलीखाली झाकून बैल उभा केला, तर त्या माणसाच्या दावणीकडे पुन्हा कोणी फिरकत नाही.

आज मला बोलायचे आहे ते घराविषयी. त्यातही विकायला काढलेल्या घराच्या भिंतींविषयी. तुम्ही म्हणाल, घर विकताना लोक जागा बघतात, पाणी बघतात, रस्ता बघतात, उतारा बघतात. भिंतीवर तसबीर कोणती आहे, हे कोण बघतो? मीही असेच म्हणत होतो. पण आमचे स्वतःचे घर विकण्याची वेळ आली, तेव्हा कळले की घरात पाऊल टाकणारा माणूस पहिल्यांदा बघतो ती भिंतच. आणि रंगवलेली शिंगे कुठे संपतात, झूल कुठे सुरू होते, याचा निवाडाही त्या भिंतीवरच करावा लागतो.

आमचे घर कृष्णाकाठच्या एका लहान गावातले. पुढे सोपा, मग माजघर, बाजूला स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परडे. वडील आधीच गेले होते. सहा वर्षांपूर्वी आई गेली. थोरला भाऊ, आमचा दादा, पुण्यात. मी कॉलेजच्या गावी. वर्षभर घराला कुलूप राहिले. बंद घर पावसाळ्यागणिक खचत जाते. शेवटी दोघांनी विचार करून ते विकायचे ठरवले. वडिलार्जित घर विकणे ही आपल्याकडे कोणी हौसेने सांगण्याची गोष्ट नाही. तुमच्यावर ती वेळ न येवो. पण येतेच कधी कधी.

गिऱ्हाईक येऊ लागले. पहिल्या दोन महिन्यांत पाच जण येऊन गेले, पण व्यवहार पुढे सरकेना. माणसे सोप्यात येत, वर बघत, म्हणत, "हे तुमचे वडील का? यांनी मला सातवीला गणित शिकवलं." मग वडिलांच्या गोष्टी निघत, चहा होई, आणि पाहुणे उठून जात. माजघराच्या मागे परड्यात उघडणारे दार आहे, हे बघायचेही कित्येकांचे राहून जाई.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. एके दिवशी ते म्हणाले, "अरे, तुम्ही घर दाखवताय का घराणं दाखवताय?"

आम्ही दोघांनी मान वर करून भिंतीकडे पाहिले, आणि मग तसबिरी मोजल्या. एकट्या सोप्यात तेवीस निघाल्या. आजोबा-आजी, वडील, आई, दादाचे लग्न, माझा पदवीदान समारंभ, वडिलांना मिळालेले मानपत्र, देवादिकांची नऊ चित्रे, दोन पतपेढ्यांच्या दिनदर्शिका आणि एक बंद पडलेले घड्याळ. येणाऱ्या माणसाने आपला पलंग कुठे ठेवायचा, आपल्या आजोबांचा फोटो कुठे लावायचा, हे मनातल्या मनात योजायला एक हातभर भिंत मोकळी नव्हती. परक्याच्या घरात माणूस पाहुण्यासारखा बसतो. घर विकत घ्यायचे तर त्याला क्षणभर तरी आपण घरधनी आहोत असे वाटले पाहिजे.

या तसबिरी भिंतीवर आल्या कशा, हेही थोडे सांगण्यासारखे आहे. त्यांतल्या लक्ष्मी आणि सरस्वती या जुन्या छापाच्या होत्या. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या प्रेसने तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रती काढल्या, आणि जी चित्रे संस्थानिकांच्या दिवाणखान्यात असत ती साध्या माणसाच्या भिंतीवर आली. नंतरच्या काळात मुळगावकर आणि दलाल यांच्या कुंचल्यांनी रंगवलेल्या दिनदर्शिका आल्या. वर्ष संपले तरी चित्र टाकवत नसे. लोक तारखांचा भाग कापून देवाला चौकट करून घेत. फोटो काढणे स्वस्त झाले तशी माणसेही देवांच्या रांगेत जाऊन बसली.

त्या टांगण्याचीही एक रीत होती. तसबीर पाटईखाली, उंच. वरून सुतळी ढिली ठेवून पुढे झुकवलेली. आजच्या मुलांना हे विचित्र दिसते. पण त्यामागे व्यवहार होता. घरात बसणे-उठणे सतरंजीवर. खाली बसलेल्या माणसाला वरची तसबीर सरळ लावली तर काचेवरच्या चकाकीमुळे दिसत नाही. झुकवली की मुद्रा नीट दिसते. उंच असली की पोरांचा हात पोचत नाही. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी भिंत बसलेल्या माणसासाठी मांडली होती. घर बघायला येणारा माणूस मात्र उभ्याने येतो, उभ्यानेच फिरतो आणि उभ्यानेच जातो. त्याला त्या तसबिरी अंगावर आल्यासारख्या वाटतात, आणि मुळात बेताचीच उंची असलेली खोली आणखी ठेंगणी भासते.

तेव्हा पहिले काम उतरवण्याचे. काय उतरवायचे? दिवंगतांचे हार घातलेले फोटो आधी. आपल्याला ते आशीर्वाद. परक्या माणसाला मात्र उगीच वाटते, या घरात कोण, कधी, कसे गेले? मग मानपत्रे, प्रशस्तिपत्रके, पुढाऱ्यांच्या तसबिरी, दिनदर्शिका. मुलाबाळांचे फोटो आज आणखी एका कारणाने उतरवावेत. हल्ली घर बघण्याआधी त्याची छायाचित्रे मोबाईलवरून दहा ठिकाणी फिरतात. आपल्या लेकीसुनांचे चेहरे आणि नातवाच्या शाळेचे नाव त्यांबरोबर कशाला फिरवायचे? देव मात्र देवघरात खुशाल असू द्यावेत. निघायच्या दिवशी ते आपल्याबरोबर निघतील. भिंतीभर मांडलेले देव तेवढे एकत्र करावेत. घेणारा कोणत्या कुळाचा, कोणत्या धर्माचा असेल, हे आपल्याला ठाऊक नसते.

उतरवलेले रद्दीत घालू नका, एवढे हात जोडून सांगतो. जुन्या छापाची चित्रे आज लोक शोधत फिरतात. काचेवर पाणी शिंपडून पुसू नये. ते चौकटीच्या खाचेतून आत झिरपते आणि कागदाला डाग पडतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. कागद काचेला चिकटला असेल तर ओढून सोडवू नये. पाठीमागची बाजू अवश्य बघावी. आमच्या आजीच्या फोटोमागे आजोबांनी पेन्सिलीने साल आणि गाव लिहून ठेवले होते. चाळीस वर्षांत ते कोणी पाहिले नव्हते. आणि वाटणी करायची ती घर विकण्याआधी, शांतपणे करावी. शेताच्या बांधावरून भांडणारी माणसे आपण जाणतो. पण वडिलांच्या एकुलत्या एका फोटोवरून बहीणभाऊ अबोला धरतात, हेही मी पाहिले आहे. आता फोटोची प्रत काढणे अवघड राहिलेले नाही. मूळ एकाकडे आणि प्रती सर्वांकडे, असे ठरले की तंटा मिटतो.

भिंती रिकाम्या झाल्या, आणि दुसरीच अडचण दिसू लागली. जिथे तसबिरी होत्या तिथे चौकोनी उजळ डाग, भोवती धुराने काळवंडलेला रंग, आणि मधे खिळ्यांची भोके. उघडी भिंतही विकाऊ घराला शोभत नाही. घर लुटल्यासारखे दिसते. म्हणून आधी भोके बुजवून एक हात सफेदी द्यावी. पिवळसर झाक असलेला पांढरा रंग बरा. गर्द निळा नि पोपटी रंग आपल्याला कितीही आवडत असला, तरी येणाऱ्याला त्यावर पुन्हा खर्च दिसतो. सफेदी नीट सुकली की मग चित्र लावावे.

चित्र किती आणि कोणते? एका खोलीला एक पुरे. मोठ्या सोप्याला फार तर दोन. लहान लहान आठ चित्रांपेक्षा मोठे एक बरे. खाली बाक किंवा दिवाण असेल तर चित्राची रुंदी त्याच्या दोन तृतीयांश असावी, आणि दोहोंत वीतभर अंतर ठेवावे. उंचीचा हिशेब असा: चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला ते सहज पडते. खिडकीच्या अगदी समोर काचेचे चित्र लावू नये, त्यात चित्राऐवजी खिडकीच दिसते. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावावे. खोली लांबट असेल तर टोकाच्या भिंतीवर लावावे. माणूस आपोआप तिथवर चालत जातो आणि त्याची सगळी खोली बघून होते. आमच्या माजघरातून परड्याच्या दाराकडे लोक जात नसत. त्या दाराशेजारी एक चित्र लावले, आणि माणसे न सांगता तिथे जाऊ लागली.

विषय असा असावा की ज्याला कोणाचा आक्षेप नाही आणि ज्यात घरात राहण्याचा आनंद आहे. झाड, नदी, शेत, घाट, पाखरे. फार दुःखाचे नको, फार भपक्याचेही नको. शहरातल्या दुकानातून परदेशी बर्फाचे डोंगर आणून सोप्यात लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तालुक्याच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक उत्तम जलरंग करतात. त्यांच्याकडून आपल्याच नदीच्या घाटाचे एक चित्र योग्य मोबदला देऊन घ्यावे. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की इलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची चांगली चित्रे कपाटात न ठेवता गावाला दाखवा. आपल्या भिंतीवर काय लावावे, हे गाव त्यातून शिकेल.

आमच्या माजघरात उजेड कमी. तिथे आम्ही एक वारली चित्र लावले. डहाणूच्या बाजूला वारली घरांत कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून त्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात. अंधाऱ्या घरात तांबूस भिंतीवरची ती पांढरी रेघ उठून दिसते, म्हणून अंधाऱ्या माजघरालाही ती मानवली. मूळची ही चित्रे लग्नकार्याची. लग्नचौकात पालघट देवीची आकृती काढायचा मान सवाशिणींचा. १९७० नंतरच्या वर्षांत जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी तीच कला कागदावर नि कापडावर आणली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. लग्नचौक हा पूजेचा भाग आहे, हे ध्यानात ठेवून आम्ही तारप्याभोवती फेर धरलेल्या नाचाचे चित्र निवडले. ते वारली चित्रकाराच्या हातचेच घेतले, यंत्रावर छापलेले नव्हे.

इथवर सारे शिंगे रंगवण्याचे काम झाले. आता झुलीकडे येतो.

सोप्याची उत्तरेकडची भिंत ओलसर होती. बाहेरून शेजाऱ्याच्या पत्र्याच्या पागोळ्या थेट तिच्या पायथ्याशी पडत. वडिलांनी १९८६ साली त्या दगडमातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. पूर्वीचा चुन्याचा गिलावा ओल बाहेर टाकून सुकत असे. सिमेंटने ती आत कोंडली. दर श्रावणात कमरेच्या उंचीवर लोणा फुटे आणि पोपडे सुटत. उन्हाळ्यात खरवडून सफेदी दिली की भिंत आठ महिने नव्यासारखी दिसे. आम्ही घर दाखवत होतो ते माघ-फाल्गुनात.

दादाने एक भले मोठे चित्र आणले, चार फूट रुंद. म्हणाला, "हे उत्तरेच्या भिंतीवर, जरा खाली लावू. बाकाच्या वर शोभेल."

मी म्हटले, "दादा, तिथं डाग आहे म्हणून ना?"

"डाग सगळ्यांच्याच घरात असतात. बघणारा काय आंधळा आहे? त्याला हवं तर तो चित्र बाजूला करून बघेल."

"आपण कोणाच्या घरी गेलो तर चित्र उचलून बघतो का?"

शब्दाने शब्द वाढला. दादाचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. त्याच्या मुलीचे शिक्षण चालू होते, पैशाची निकड त्याला होती; मला नव्हती. ज्याला निकड नसते त्याला तत्त्व स्वस्त पडते, हे मी त्या दिवशी शिकलो.

मी एका वकील स्नेह्यांना विचारले. त्यांनी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा काढून पंचावन्नावे कलम दाखवले. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला, आणि त्याने साधारण काळजी घेऊनही त्याला कळणार नाही असा मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे ते कलम म्हणते. म्हणजे आपल्या बैलबाजारातली रीत कायद्याने १८८२ सालीच लिहून ठेवली आहे! त्याच कायद्यात असेही आहे की घराबरोबर दारे, खिडक्या, कुलपे, किल्ल्या आणि कायमच्या उपयोगासाठी बसवलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतींवरच जुनी चित्रे रंगवलेली आहेत. असे एखादे चित्र किंवा कोरीव तुळई कोणाच्या घरात असेल, तर ती घराचाच भाग. तिच्यावर सफेदी फासू नका आणि ती उपटूनही नेऊ नका. खिळ्याला टांगलेले ते आपले. शंका असेल तिथे काय राहणार आणि काय जाणार, याची यादी आधीच कागदावर लिहावी.

दादाने कलम वाचले, काही बोलला नाही. चित्र त्याने समोरच्या कोरड्या भिंतीवर लावले. उत्तरेची भिंत आम्ही मोकळी ठेवली.

चैत्रात एक शिक्षक दांपत्य आले. दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाई घरभर फिरल्या, परड्यातली विहीर पाहिली आणि परत येऊन विचारले, "सगळीकडे चित्रं आहेत, ही भिंत रिकामी का हो?"

मी तोंड उघडण्याआधी दादाच म्हणाला, "ती पावसाळ्यात ओलावते, बाई. पागोळ्यांचं पाणी आहे, आणि आतून सिमेंट."

त्यांनी गवंड्याला आणले. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा आणि बाहेर पन्हळ, असा त्याने खर्चाचा अंदाज सांगितला. तेवढी रक्कम किमतीतून वळती झाली. परत येताना एसटीत दादा मला म्हणाला, "तुझं तत्त्व दोघांच्या खिशातून गेलं." ते खरे होते. चांगुलपणाने वागलो म्हणून आमची किंमत वाढली, असे सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. किंमत कमीच झाली. पण दरवर्षी त्या गावावरून जाताना आम्हांला रस्ता बदलावा लागत नाही. श्रावणात बाईंचा फोन येतो तो भांडायला नव्हे. परड्यातल्या आळवाची पाने न्यायला या, असे सांगायला येतो.

तेव्हा, श्रोतेहो, चित्र निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हे चित्र भिंत दाखवण्यासाठी लावतो आहे की झाकण्यासाठी? दाखवण्यासाठी असेल तर हौसेने लावा, दिव्याच्या उजेडात लावा. झाकण्यासाठी असेल तर ते चित्र कितीही थोर कलावंताचे असो, त्या ठिकाणी ती फक्त झूल आहे.

खरेदीखत झाले त्या दिवशी दादा आणि मी उरलेली चित्रे उतरवून चादरीत बांधत होतो. दादा पकडीने खिळे उपटू लागला. बाई दारातून म्हणाल्या, "खिळे राहू द्या हं, भाऊ. आमच्याही तसबिरी आहेत."